माशांना खाणं कधी, किती वेळा आणि का: तळ्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं प्लास्टिक अस्तराचं शेततळं आहे, त्यात रोहू-कटला आणि शेजारच्या मातीच्या तळ्यात पंगस. लोक बघायला येतात, फोन करतात, रात्री अकराला माशाचा फोटो पाठवून "भाऊ हे काय झालं" विचारतात. निम्मे प्रश्न शेवटी खाण्याच्या वेळेवरच येतात. पोतं कुठल्या कंपनीचं आणि प्रोटीन किती टक्के यावर तासभर बोलणं होतं, पण टाकलेलं माशाच्या पोटात पचतंय का, यावर कुणी बोलत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तर तो नंबर दिलाय.

१. दिवसातून किती वेळा खायला टाकायचं? एकच आकडा सांगा.

एकच आकडा नाही हो सांगता येत. मासा कुठला, केवढा आणि पाणी किती गरम, यावर ठरतं. तरी सुरुवातीला अंदाज म्हणून धरा: रोहू-कटला-मृगळ लहान असताना तीनदा, अर्ध्या किलोच्या पुढे दोनदा. चिलापी लहान असताना तीन-चारदा, मोठी झाल्यावर दोन-तीनदा. पंगसला दोनदा पुरतं. मरळीचं गणित वेगळं आहे (प्रश्न १५) आणि जिऱ्यांचं, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या बारीक पिल्लांचं, तर फारच वेगळं (प्रश्न १४). हा अंदाज पाणी साधारण २६ ते ३१ डिग्री असतानाचा आहे, थंडीत सगळं बदलतं (प्रश्न १०).

२. रोहू-कटल्याला पोटच नसतं असं कुणीतरी सांगितलं. खरंय का?

खरंय, आणि सगळं वेळापत्रक इथूनच सुरू होतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याला जशी जठराची पिशवी असते, जिच्यात अन्न साठतं आणि आम्लात घुसळलं जातं, तशी पिशवी कार्प जातीच्या माशांना नसते. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या, चंदेरा सगळे यात आले. घशातून अन्न थेट आतड्यात जातं. आतड्याचा सुरुवातीचा भाग थोडा फुगीर असतो, तिथं थोडा वेळ थांबतं एवढंच. आम्ल नाही, पेप्सिन नाही. प्रोटीन फोडायचं काम आतड्यातले ट्रिप्सिनसारखे पाचकरस करतात. त्याची भरपाई म्हणून आतडं लांब असतं, मोठ्या रोहूचं आतडं उलगडून बघा, अंगाच्या लांबीच्या कितीतरी पट निघतं, वेटोळ्यावर वेटोळी.

आता विचार करा, साठवायला कोठीच नाही आणि तुम्ही सकाळी एकदम दिवसभराचं टाकलं. मासा हावरट, मिळेल तेवढं खातो, पण मागून आलेलं खाणं पुढच्याला ढकलतं आणि अर्धवट पचलेलं बाहेर पडतं. तुम्हाला वाटतं मासा मस्त खातोय, प्रत्यक्षात तुम्ही पाण्याला खत घालताय. निसर्गात हा मासा दिवसभर थोडं थोडं चरत असतो, म्हशीला जसं रवंथ करायला वेळ लागतो तसं याला चरायला वेळ लागतो. म्हणून कार्पला थोडं थोडं आणि जास्त वेळा, किंवा मग पोत्याची पद्धत (प्रश्न ९).

३. मग चिलापी आणि पंगसचं काय? त्यांना तरी पोट आहे ना?

आहे. पंगसला चांगली पिशवी असते, तो एका दमात बरंच खाऊन ठेवू शकतो, म्हणून त्याला दोनदा दिलं तरी चालतं.

चिलापीचं पोट छोटं पण आम्ल भयंकर तीव्र, खात असताना पीएच दोनच्याही खाली जातो, म्हणून ती शेवाळाच्या पेशी फोडू शकते. यात एक भारी गोष्ट आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युगांडातल्या लेक जॉर्ज नावाच्या तलावात मोरियार्टी नावाच्या शास्त्रज्ञाने चिलापीच्या पचनाचा अभ्यास केला होता. रात्री चिलापी खात नाही, पोट रिकामं होतं आणि आम्लही बंद असतं. सकाळी खायला लागली की आम्ल हळूहळू सुटायला लागतं, त्यामुळे सकाळचे पहिले घास नीट पचत नाहीत, हिरवेच्या हिरवे बाहेर पडतात, आणि दिवस चढला की तेच अन्न पचून तपकिरी होऊन बाहेर येतं. मी यातून हे घेतलं की चिलापीला सकाळचा पहिला हप्ता लहान द्यायचा आणि दुपारचा मोठा.

पोटभर खाल्ल्यावर चिलापीला पुन्हा खरी भूक लागायला चांगल्या गरम पाण्यात साधारण चार तास लागतात. त्याच्या आत पुन्हा टाकलंत तर ती खाईल, पण आधीचं अर्धवट पुढे ढकलून.

४. सकाळी पहिलं खाणं किती वाजता? आमच्याकडे गडी साडेपाचलाच येतो.

गडी साडेपाचला येऊ दे, त्याला तळ्याला चक्कर मारू दे, मासे वर येऊन तोंड वासतायत का बघू दे, पण खाणं टाकू देऊ नका.

तळ्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो. रात्रभर मासे, शेवाळ, तळाचा गाळ सगळे ऑक्सिजन खात असतात आणि बनवणारं कुणी नसतं. ऊन पडलं की शेवाळ पुन्हा कामाला लागतं. आणि पचायला ऑक्सिजन लागतो, खाल्ल्यानंतर पुढचे काही तास माशाची गरज वाढत जाते, आराम करत असतानाच्या तुलनेत दीडपट-दुपटीपर्यंत जाऊ शकते. म्हणजे ज्या वेळी पाण्यात ऑक्सिजन नाही त्याच वेळी तुम्ही माशाला जड काम दिलं. मासा खात नाही, खाल्लं तर पचत नाही, आणि कडक दिवस असला तर मरतो.

ऊन चांगलं वर आलं की, म्हणजे उन्हाळ्यात आठ-साडेआठ, थंडीत दहा. मीटर असेल तर ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय नाही, ५ असला तर उत्तम. ३ च्या खाली असेल तर त्या वेळचं खाणं रद्द.

५. संध्याकाळी उशिरा टाकलं तर? दिवसभर शेतात असतो, सात वाजता मोकळा होतो.

हेच प्रश्न ४ चं दुसरं टोक. सातला टाकलं तर पचनाचा भर मध्यरात्रीपर्यंत राहणार आणि ऑक्सिजन तेव्हा उतरणीला लागलेला असणार. शेवटचं खाणं साडेचार-पाचच्या आत संपवा. अजिबात जमत नसेल तर दोन वेळाच ठेवा, सकाळी नऊ आणि दुपारी तीन-साडेतीन, दुपारचं घरातल्या कुणाला तरी द्या. आमच्याकडे दुपारचं आई टाकते आणि खरं सांगायचं तर तिचं निरीक्षण माझ्यापेक्षा चांगलं आहे, "आज कटला कोपऱ्यातच बसलाय" हे तिला लगेच कळतं.

एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल, रात्री अकरा ते सहा चालवत असाल तर थोडी सूट मिळते. पण लाइटचा भरोसा काय, जनरेटर नसेल तर त्या सवलतीवर विसंबू नका.

६. रोज एकाच वेळी, एकाच जागी टाकलं पाहिजे का? काय फरक पडतो?

पडतो. माशाला वेळ कळते, पाच-सात दिवसांत तो ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळेला येऊन थांबतो, हे तर सगळ्यांनीच बघितलंय. पण आत पोटातही तयारी होते. गोल्डफिशवर (तो कार्पचाच भाऊबंद) आणि समुद्रातल्या सी ब्रीमवर झालेल्या अभ्यासात दिसलं की ठरलेल्या वेळी खायला मिळणाऱ्या माशांत त्या वेळेच्या आधीच पाचकरस, खास करून पिठूळ पदार्थ पचवणारं अमायलेज, वाढायला लागतं. वेळ रोज बदलत राहिली की ही तयारी होत नाही. आपलीच गोष्ट बघा ना, रोज एकला जेवणाऱ्याला साडेबाराला पोटात कावळे ओरडायला लागतात.

अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे चालतं. सकाळचं एखाद्या दिवशी आठला आणि दुसऱ्या दिवशी अकराला, असं नको.

जागा पण तीच ठेवा, वारा जिकडून येतो त्या बाजूची, म्हणजे तरंगता दाणा काठाला जाऊन चिकटणार नाही. पीव्हीसी पाइपची चौकट पाण्यावर सोडली तर दाणा आतच राहतो आणि किती उरला ते दिसतं.

७. किती टाकायचं? टक्क्यांचं गणित समजावून सांगा.

माशाच्या एकूण वजनाच्या टक्क्यांत मोजतात. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) १५-२० ग्रॅमची असताना रोज वजनाच्या ५-६ टक्के, १०० ग्रॅमपर्यंत ४, २०० ग्रॅमच्या आसपास ३, अर्ध्या किलोला २, किलोच्या माशाला १ ते दीड. मासा मोठा होतो तसा टक्का उतरतो कारण अंगाच्या मानाने त्याची गरज कमी होत जाते.

समजा तळ्यात ३,००० मासे, सरासरी २०० ग्रॅम. म्हणजे ६०० किलो. ३ टक्क्यांनी रोजचं १८ किलो. दोन वेळा असेल तर सकाळी ८, दुपारी १०, कारण दुपारी पाण्यात ऑक्सिजन आणि ऊब दोन्ही जास्त.

लोक चुकतात ते वजनात. सोडले ३,००० म्हणून अजून ३,००० च धरतात, मेलेले, बगळ्याने-पाणकावळ्याने नेलेले मोजत नाहीत. दर १५ दिवसांनी फेकजाळं टाकून ३०-४० मासे तोला आणि आकडा बदला.

८. मासा खातोय तोपर्यंत टाकत राहावं की हात राखून?

हात राखून. पूर्ण पोटभर खाल्लेल्या माशाचं पचन कमी नीट होतं, अन्न आतड्यातून लवकर पुढे सरकतं. साधारण ८०-९० टक्के भूक भागेल एवढं द्या. ओळखायचं कसं? पहिली मूठ टाकल्यावर पाणी उकळल्यासारखं होतं, ती उसळी मंदावली, मासे दाणा घेऊन शांतपणे खाली जायला लागले की थांबा. १५-२० मिनिटांत दाणा संपला पाहिजे. अर्ध्या तासाने दाणा तरंगताना दिसला तर पुढच्या वेळी कमी.

हे पंगसवाल्यांनी खास वाचा. पंगस खात सुटतो. जास्त खाणाऱ्या पंगसच्या पोटात चरबीचे गोळे होतात, ते वजनात दिसतात पण गिऱ्हाईक कापल्यावर तोंड वाकडं करतं, आणि तुम्ही महागडं प्रोटीन घालून चरबी विकत घेतलेली असते.

९. आंध्रवाले पोत्यात भरून खाणं टांगतात, ते आपल्याकडे चालेल का?

चालेल, आणि रोहूसाठी मला ती पद्धत मनापासून आवडते. कोल्लेरू तलावाच्या परिसरात, कृष्णा-गोदावरीच्या पट्ट्यात ही वापरतात. प्लास्टिकच्या पोत्याच्या खालच्या बाजूला भोकांच्या ओळी पाडायच्या, आत तेल काढलेला भाताचा कोंडा आणि पेंड भरायची, पोतं बांबूला बांधून पाण्यात अर्धवट बुडवायचं. मासा भोकाला तोंड लावून ओढून खातो.

पचनाच्या दृष्टीने हे प्रश्न २ चं उत्तरच आहे. कोठी माशाच्या पोटात नाही तर तुम्ही कोठी बाहेर टांगली. मासा आपल्या गतीने येतो, थोडं खातो, जातो. कोरडा भुगा फेकला तर अर्धा विरघळून जातो, तेही वाचतं. दोन-अडीच तासांत पोतं रिकामं व्हायला हवं, दुपारपर्यंत उरलं तर जास्त भरलंय. भिजलेली पेंड पोत्यात राहू देऊ नका, आंबते आणि बुरशी धरते. पोतं रोज धुवून वाळवायचं, हा कंटाळवाणा भाग आहे आणि बरेचजण इथेच सोडून देतात.

१०. थंडीत मासा खात नाही. औषध द्यावं का?

नको. मासा आजारी नाही, गार आहे. माशाचं अंग पाण्याएवढंच गरम असतं, पाणी गार झालं की पाचकरसांचं काम मंदावतं. ढोबळ नियम असा की १० डिग्री उतरलं की गती निम्म्यावर येते. म्हणजे ३० डिग्रीला जे अन्न सकाळी खाऊन संध्याकाळपर्यंत निकालात निघतं ते २० डिग्रीला दुसऱ्या दिवसापर्यंत आतड्यात पडून राहतं. त्यावर तुम्ही आणखी टाकलं तर आतच कुजतं.

२४-२५ डिग्रीच्या खाली गेलं की एक वेळ कमी करा आणि खाणं निम्म्यावर आणा. २० च्या खाली दिवसातून एकदाच, वजनाच्या एक टक्का किंवा त्याहून कमी, आणि तेही दुपारी एक ते तीनमध्ये जेव्हा वरचं पाणी जरा कोमट होतं. १८ च्या खाली कार्पला काही दिवस नाही दिलं तरी काही होत नाही. पंगसला गारवा अजिबात सोसत नाही, तो आधीच बंद करतो. विदर्भात, नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत हे होणारच. शंभर-दीडशे रुपयांचं थर्मामीटर घ्या, खाणं टाकायच्या आधी हातभर खोल बुडवून बघा.

११. पावसाळ्यात ढगाळ वातावरणात काय करायचं?

कमी करायचं, आणि तीन-चार दिवस सलग ढग असतील तर बंद.

हे मी नुकसान सोसून शिकलोय. दोन वर्षांपूर्वी जुलैत पाच दिवस ऊन नव्हतं, मासे खात होते म्हणून मी नेहमीचं टाकत राहिलो. सहाव्या दिवशी पहाटे चारला गड्याचा फोन आला, जाऊन बघतो तर अख्खं तळं वर आलेलं, कटला आधी, मग रोहू. एरेटर लावला, विहिरीचं पाणी सोडलं, तरी दुपारपर्यंत सव्वादोनशे मासे गेले. मोठे मोठे. त्यांचे फुगलेले पोट कापून बघितले तर आदल्या दिवशीचं खाणं तसंच होतं. ते बघून फार वाईट वाटलं, कारण ते मीच टाकलं होतं.

ढगात शेवाळ फारसा ऑक्सिजन बनवत नाही, पचनाला तर लागतोच (प्रश्न ४), आणि उरलेलं कुजायलाही ऑक्सिजन लागतो. तिन्ही बाजूंनी कोंडी होते. ढगाळ पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी पाव, पुढे ऊन पडेपर्यंत नाही. मासा उपाशी मरत नाही आठवडाभरात (प्रश्न १६). मोठा वळीव झाला तर त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी पण टाकू नका, वरचं-खालचं पाणी घुसळलेलं असतं.

१२. खाणं वाढवलं की अमोनिया का वाढतो? महाग खाद्य आहे तरी.

महाग आहे म्हणूनच, त्यात प्रोटीन जास्त असतं. प्रश्न ७ मधलं १८ किलो खाद्य घ्या, २८ टक्के प्रोटीनचं. म्हणजे रोज ५ किलो प्रोटीन, त्यात नायट्रोजन साधारण ८०० ग्रॅम. त्यातला पाव ते तीस टक्के माशाच्या अंगी लागतो, बाकी साडेपाचशे-सहाशे ग्रॅम रोज पाण्यात. बराचसा कल्ल्यांमधून थेट अमोनिया म्हणून बाहेर पडतो, थोडा विष्ठेतून. खाल्ल्यानंतर साधारण चार ते सहा तासांनी अमोनिया सोडण्याचा जोर सगळ्यात जास्त असतो.

सगळं एका वेळी दिलं तर हा जोर एकदम येतो. तेच तीन हप्त्यांत दिलं तर पसरतो, पाण्यातल्या जिवाणूंना आणि शेवाळाला तो पचवायला वेळ मिळतो. बायोफ्लॉकच्या (जिवाणूंच्या गुठळ्यांवर पाणी साफ ठेवणाऱ्या) टाकीत तर हे फारच जपावं लागतं, तिथे पाणी थोडं आणि मासे दाट, म्हणून तिथे चार-पाच लहान हप्ते.

१३. आमचं पाणी गडद हिरवं आहे, दुपारी पीएच ९ जातो. मग सकाळी नऊला दिलं तर अमोनियाचा जोर बरोबर दुपारी येईल ना? मग द्यायचं कधी?

बरोबर पकडलंत. पीएच वाढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो, आणि हिरव्या पाण्यात पीएच दुपारी दोन ते चार सगळ्यात वर असतो. सकाळी नऊचं मोठं खाणं तिथेच जाऊन आदळतं.

अशा तळ्यात मी सकाळचा हप्ता लहान ठेवतो, दिवसाच्या चौथ्या भागाएवढा, आणि बाकीचं दुपारी बारा ते साडेचारमध्ये दोन भागांत. त्याचा अमोनिया संध्याकाळी-रात्री येतो, तेव्हा पीएच उतरलेला असतो. पण मग रात्री ऑक्सिजनची काळजी वाढते, म्हणजे एरेटर पाहिजेच. एरेटर नसेल तर वेळेची खटपट सोडा, एकूण खाणंच दहा-पंधरा दिवस २०-३० टक्के कमी करा, पाणी बदला, हिरवेपणा उतरू द्या. पांढरी थाळी पाण्यात सोडून बघायची सवय लावा, २५-४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. १५ वरच गायब होत असेल तर शेवाळ जास्त झालंय आणि त्याचं मूळ तुमच्या खाद्याच्या पोत्यातच आहे.

१४. जिरे सोडल्यावर लगेच काय आणि कितीदा?

जिऱ्यांची पचनसंस्था अजून तयारच होत असते, आतडं आखूड, पाचकरस कमी. त्यांना आधी जिवंत प्राणी-प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) लागतं, म्हणून सोडण्याआधी पाण्यात ते तयार असलं पाहिजे, नुसत्या भुकटीवर जिरे जगत नाहीत.

वरचं खाणं म्हणून शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समान, बारीक चाळलेला. एक लाख जिऱ्यांना पहिले पाच दिवस रोज ६०० ग्रॅम, पुढचे दहा दिवस १२०० ग्रॅम. पुस्तकात दोन हप्त्यांत सांगितलंय, मी चार करतो, कारण एवढ्याशा जिवाच्या आतड्यात मावणार किती? पेंड जुनी, काळपट, वासाची असेल तर टाकू नका, पावसाळ्यात शेंगदाणा पेंडीला जी बुरशी येते तिचं विष लिव्हरवर जातं.

बोटुकली पिशवीतून लांबचा प्रवास करून आली असेल तर पहिल्या दिवशी काहीच नको.

१५. मरळीला पण तीनदा द्यायचं का?

नाही. मरळ शिकारी मासा, पोट मोठं आणि ताणणारं, आतडं अंगापेक्षाही आखूड. मांस पचायला सोपं पण एकदम गिळलेलं, म्हणून त्याला वेळ लागतो. मोठ्या मरळीला एकदा किंवा दोनदा, मुख्य खाणं संध्याकाळी, ती अंधुक उजेडात खाते. ती हवेतून श्वास घेते त्यामुळे ऑक्सिजनचा प्रश्न ५ तिला तितका लागू नाही. पण लहान मरळ उपाशी ठेवली की एकमेकांना गिळतात, तिथे मात्र चार वेळा आणि आकाराप्रमाणे वेगळं करणं आलं.

१६. आठवड्यातून एक दिवस उपवास दिला तर वाढ खुंटते का?

मोठ्या माशाची नाही खुंटत. थोड्या उपासानंतर मासा जास्त भुकेने खातो आणि मागे पडलेली वाढ बऱ्यापैकी भरून काढतो. आतडं रिकामं होतं, पाण्यालाही उसंत मिळते. मी ३०० ग्रॅमच्या वर गेल्यावर आठवड्याला एक दिवस सुट्टी देतो. बोटुकलीला हे करू नका, मोठी आणि लहान असा फरक पडत जातो आणि मग दांडगी पोरं सगळं खातात. उपासाच्या दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकायचं नाही, नेहमीचंच.

याच्याच जवळची एक गोष्ट सांगतो जी आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. श्रीलंकेचे शास्त्रज्ञ सेना डी सिल्व्हा यांना १९८० च्या दशकात चिलापीत दिसलं की मासा रोज सारखं पचवत नाही, प्रोटीन पचण्याचं प्रमाण दिवसागणिक वर-खाली होतं. मग रोज महाग खाद्य कशाला? त्यावरून भारतातले मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. एम. सी. नंदीशा आणि डी सिल्व्हा यांनी १९९० च्या दशकात कटला-रोहूवर काही दिवस जास्त प्रोटीन आणि काही दिवस कमी प्रोटीन असं आलटून-पालटून देऊन बघितलं. वाढ चांगली राहिली आणि प्रोटीनचा खर्च वाचला. छोट्या शेतकऱ्यासाठी केवढं मोठं काम आहे हे! दोन-तीन दिवस पेलेट आणि एक दिवस कोंडा-पेंड, एवढंच करून बघा, आधी एका तळ्यात, तोलून.

१७. भंडारा-गोंदियाच्या मामा तलावात कुणी खाणं टाकत नाही, तरी मासे होतात. मग आम्हीच का टाकायचं?

त्या माजी मालगुजारी तलावांत गाळ, प्लवंग, पाणवनस्पती, किडे, गोगलगायी सगळं आहे आणि एकरी मासे कमी. मासा दिवसभर चरतो, म्हणजे निसर्गानेच प्रश्न २ चं वेळापत्रक लावून दिलंय. तुमच्या प्लास्टिकच्या शेततळ्यात तळाला मातीच नाही, चरायला काही नाही, मासे दाट, म्हणून वरून द्यावं लागतं. मातीच्या तळ्यात पाणी हलकं हिरवं असेल तर कटला-चंदेऱ्याचं बरंच भागतं, तिथे खाणं कमी लागतं.

१८. माशाची विष्ठा पांढरी, लांब दोऱ्यासारखी तरंगतेय. काय झालं?

दोन शक्यता. एक, आतडं रिकामं आहे आणि नुसता चिकट पदार्थ बाहेर येतोय, मासा काही दिवस खात नसेल तर. दोन, आतड्याला सूज किंवा जंत. फरक ओळखायला एक-दोन मासे कापा. पित्ताशय बघा, गडद हिरवं आणि टम्म भरलेलं असेल तर मासा बरेच दिवस जेवलेला नाही, कारण पित्त खाल्ल्यावरच रिकामं होतं. खाऊनही विष्ठा पांढरी, आतडं लालसर, पातळ असेल तर मासा आणि पाण्याचा नमुना घेऊन तज्ज्ञाकडे जा. आपल्याकडे नागपूर, उदगीर, रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयं आहेत. तोवर खाणं निम्म्यावर.

१९. पचनासाठी एन्झाइम, प्रोबायोटिकची पावडर मिळते. घ्यावी का?

आधी वेळ, प्रमाण, ऑक्सिजन सुधारा, मग पावडर. एका गोष्टीत मात्र तथ्य आहे. पेंड-कोंड्यातला फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात अडकलेला असतो, मासा तो फोडू शकत नाही. फायटेज एन्झाइम घातलं तर तो सुटतो. आणि कार्पला आम्ल नाही (परत प्रश्न २!), म्हणून हाडाच्या भुकटीतला फॉस्फरससुद्धा त्याला नीट मिळत नाही, त्याला मोनोकॅल्शियम फॉस्फेटसारखं विरघळणारं लागतं. घरी खाद्य बनवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. तरंगतं तयार खाद्य वाफेवर फुगवलेलं असल्यामुळे त्यातलं पीठ आधीच शिजलेलं असतं, पचायला सोपं, पण एन्झाइमवर उष्णता पडली की ते मरतं, म्हणून पावडर घालायचीच तर थंड दाण्यावर थोड्या तेलात चोळून.

२०. विकायच्या किती आधी खाणं बंद करायचं? वजन कमी होईल ना.

साधारण २४ तास, थंडीत ३६ ते ४८. कमी होतं ते बहुतेक पोटातल्या घाणीचं वजन, मांसाचं नाही. भरल्या पोटाचा मासा जाळ्यात दमतो, चिलापी-पंगस तर ओकतात, जिवंत नेत असाल तर टाकीतलं पाणी तासाभरात घाण होतं. आणि मेल्यावर पाचकरस थांबत नाहीत, ते माशाचंच आतडं खायला लागतात, मग बर्फात ठेवलेल्या माशाचंही पोट मऊ पडून फुटतं. भिगवणच्या बाजारात आडत्याने पोटावर अंगठा दाबून बघितला की त्याला कळतं, आणि भाव तिथेच पडतो. आदल्या दिवशी सकाळचं शेवटचं खाणं, दुसऱ्या दिवशी पहाटे गार वेळेला जाळं ओढायचं, आणि मधल्या वेळात मासे काठाशी येऊन कितीही घुटमळले तरी मूठभरही टाकायचं नाही, घरच्या लहान पोरांनाही सांगून ठेवायचं.